बिनसहीचं कार्ड

दुसऱ्या दिवशी ‘छ’ची पानं छापखान्यात जायची होती आणि शब्दकोशाच्या कचेरीत तात्यांच्या टेबलावर एकच कार्ड बिनसहीचं उरलं होतं. कचेरीचा नियम कडक. शब्द वापरणाऱ्या माणसाची सही असल्याशिवाय कुठलाच अर्थ कोशात जायचा नाही.

कार्डावर लिहिलं होतं : ‘छेडछाड. रस्त्यातली निरुपद्रवी थट्टा. मूळ : छेडणे; तार छेडतात तसे.’

“निरुपद्रवी? कुणाला?” टाइप करणाऱ्या बाईंनी विचारलं आणि सही करायला चक्क नकार दिला.

तात्यांना ते लागलं. हा अर्थ त्यांच्या जिव्हाळ्याचा होता. वाचनालयाचा कोपरा, सायकलची घंटी, आणि दोन वेण्यांची ती मुलगी हमखास वळून बघायची! तीच पुढे त्यांची बायको झाली. आहाहा, काय दिवस होते ते! आता हा अर्थ खोटा ठरला, तर ते दिवसही खोटे ठरणार होते.

तात्या तडक सायकल काढून बसथांब्यावर गेले.

“बाई, तुमची कधी छेडछाड झालीय का? मोकळेपणानं सांगा, मला फक्त सही हवीय.”

पहिली बाई सरकून उभी राहिली. दुसरी “अं?” म्हणून चालू लागली. ती काहीतरी बोलणार होती, असं वाटून तात्या कार्ड हलवत तिच्या मागे धावले. मग काय, आरडाओरडा, गर्दी आणि हवालदार!

“साहेब, मी फक्त अर्थ विचारत होतो हो!”

“सगळे असंच म्हणतात. चला, घ्या ती सायकल.”

चौकीत त्या दुसऱ्या बाईंनी तक्रार लिहिली : ‘आज सकाळी बसथांब्यावर या गृहस्थांनी माझी छेडछाड केली.’

तात्या त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचत होते. “वा! तारीख, जागा, पूर्ण वाक्य. अगदी कार्डावर घेण्यासारखं!”

हवालदारानं कपाळाला हात लावला आणि तात्यांच्या बायकोला फोन केला.

ती आली तसा तात्यांना धीर आला. “अगं, सांग यांना, मी तसला माणूस आहे का?”

तिनं आधी कार्ड मागून घेतलं. “निरुपद्रवी?”

“मग? आपलंच आठव की. मी घंटी वाजवायचो, तू वळून बघायचीस...”

“तुम्ही किती अंतरावर आहात, ते बघत होते! छातीत नुसतं धडधडायचं. चार महिने वाचनालय सोडलं होतं मी.”

“तुझी परीक्षा होती ना?”

“कसली परीक्षा?”

तात्या मटकन बाकावर बसले. “मग माझ्याशी लग्न कशाला केलंस?”

“स्थळ तुमच्या मावशीनं आणलं. बघायला आलात, तेव्हा इतके घाबरून बसला होतात, की बिस्किटसुद्धा हातातून पडलं. म्हटलं, हा माणूस बरा दिसतोय.”

हवालदार खोकला. तात्यांनी पेन काढलं, ‘रस्त्यातली निरुपद्रवी थट्टा’ खोडलं आणि वर लिहिलं : ‘समोरच्याला नको असताना दिलेला त्रास.’ मग त्या बाईंसमोर हात जोडले. “चुकलंच माझं. तेव्हाही, आजही.”

बायकोनं कार्डावर सही केली. त्या बाईंनी जरा विचार करून तक्रार घडी घालून पर्समध्ये टाकली आणि कार्डावर खाली आपलीही सही ठोकली.

परतताना तात्या सायकल हातानं ढकलत पुढे चालले होते. खड्ड्यातून जाताना चुकून वाजू नये म्हणून त्यांनी घंटी मुठीत घट्ट धरली होती. वाचनालयाच्या कोपऱ्यावर बायकोनं मागून येऊन त्यांची मूठ सोडवली आणि खणखणून घंटी वाजवली.

तात्या दचकून वळले.

“काय हो,” ती म्हणाली, “किती अंतरावर आहे, ते बघताय?”