खणखणीत आवाजात बोला

"माझ्या तोंडून शब्द काढणारा माणूस अजून जन्माला यायचाय," असं जुरांदिरने वहीत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि वही बायकोच्या नाकापुढे धरली.

इवोनेती चुलीवर मक्याच्या रव्याचा कूसकूस वाफवत होती. वाचून ती म्हणाली, "बावीस वर्षं देवाकडे हेच मागत होते मी, की हा माणूस जरा गप्प बसू दे. आता बसलायस तर लिहून लिहून डोकं खातोयस."

जुरांदिरचं गप्प बसणं ही साधी गोष्ट नव्हती. गावात जे काही मोठ्याने बोललं जाई ते त्याच्याच आवाजात. छपरावर दोन भोंगे बांधलेल्या गाडीतून तो सेल पुकारायचा, सर्कस पुकारायचा. माणूस मेला तरी जुरांदिरने गल्लोगल्ली सांगितल्याशिवाय गाव त्याला मेलेला धरत नसे. एकदा तर रेसिफे शहरातल्या कुठल्याशा कंपनीने त्याला बंद खोलीत बसवून तासभर सुटी सुटी वाक्यं वाचायला लावली होती. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही, यानेही विचारलं नाही. जेवण चांगलं होतं. कागदावर नुसतं "स्पष्ट बोला" असं होतं, तिथे याने आपल्या मनाने "खणखणीत आवाजात बोला" असं घातलं आणि साहेबांनी ते तसंच ठेवलं. ही हकिकत तो लग्नात सांगे आणि मयतातही सांगे.

असा आवाज जूनच्या जत्रेत बसला. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं आणि सांगितलं, स्वरयंत्रावर गाठी आहेत; साठ दिवस एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. गावाने डाळिंबाच्या सालीचा काढा, आलं-मध आणि एक जिवंत बेडूक असे तीन उपाय सुचवले. पण घर काढ्यावर चालत नाही. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की एकट्याचा धंदा असूनही इवोनेतीने सरकारी विम्याचा हप्ता अकरा वर्षं न चुकता भरला होता. आजारपणाचा भत्ता मंजूर झाला तर दोन महिने निघतील. नाही झाला तर भोंग्यांसकट गाडी विकायची. अंडीवाला वांदेइल्सन येता-जाता तिच्या टायरांना लाथ मारून बघायला लागलाच होता.

मंजुरी द्यायची की नाही हे ठरवणारी विम्याची डॉक्टर गावात येणार होती. आणि इथेच जुरांदिरच्या मेव्हण्याने त्याच्या डोक्यात किडा सोडला.

"भावजी, ते लोक सापळा लावतात," मेव्हणा म्हणाला. "माझ्या ओळखीचा एक गवंडी, पाठ गेलेली. डॉक्टरने मुद्दाम पेन खाली पाडलं. हा बिचारा सभ्य माणूस, वाकून उचलून दिलं. संपलं! तुम्हाला बोलायला लावतील. शब्द निघाला की भत्ता गेला."

त्या दिवसापासून जुरांदिरला जो तो हेर दिसू लागला. बेकरीसमोर पिवळी टोपी घातलेल्या एका परक्या माणसाने बसस्टँड कुठे आहे असं विचारलं, तर हा त्याच्याकडे फक्त रोखून बघत राहिला. माणसाला वाटलं बहिरा आहे; तो ओरडून विचारू लागला. मग जुरांदिरची खात्रीच पटली. साधा माणूस बसस्टँडसाठी इतका घसा फोडेल का?

घरी सराव सुरू झाला. इवोनेतीने त्याला चिमटे काढले, पायावर पाय दिला, गरम चमचा लावला. हूं नाही की चूं नाही. चिमटे काढताना तिला जरा जास्तच उत्साह आला होता, अशी नोंद त्याने वहीत करून ठेवली.

तपासणीच्या दिवशी डॉक्टर लुसिमारा चष्म्यावरून बघत बसल्या होत्या. त्यांनाही जगाचा अनुभव कमी नव्हता. सकाळपासून अकरा जण लंगडत आले होते आणि त्यातले चार जण जाताना लंगडायचं विसरले होते.

"नाव?"

जुरांदिरने वहीत लिहिलं.

"अहो जुरांदिर, बोलून सांगा."

त्याने मान हलवली. मेव्हण्याने सांगितलं होतं तसंच चाललं होतं.

"बरं, आ करा."

त्याने आ केला. आतून वाराही आला नाही.

"अहो, आवाज काढा थोडा. आवाज ऐकल्याशिवाय मला कळणार कसं की तो बिघडलाय?"

जुरांदिर गालातल्या गालात हसला. किती गोड सापळा! त्याने लिहिलं, "डॉक्टरांनी मनाई केली आहे."

"मीही डॉक्टरच आहे."

"दुसऱ्या डॉक्टरांनी," त्याने लिहिलं.

इवोनेती त्याच्या कानाशी लागली. "अरे, काढ की एकदा आवाज. आपल्याच फायद्याचं आहे ते." जुरांदिरने बायकोकडे असं पाहिलं की जणू तीही फितूर झाली.

तेवढ्यात टेबलावरची जाड फाइल घसरली आणि थेट त्याच्या अंगठ्यावर पडली. डोळ्यांत टचकन पाणी आलं, कान लाल झाले, पण ओठ मिटलेलेच. त्याला स्वतःचा अभिमान वाटला. डॉक्टरबाईंना मात्र वेगळंच वाटलं.

"खरा आजारी माणूस निदान 'आई गं' तरी म्हणतो," त्या सावकाश म्हणाल्या. "तुमची तयारी फार आहे."

आणि नेमकं तेव्हाच खिडकीतून वांदेइल्सनच्या अंड्यांच्या गाडीवरल्या भोंग्याचा गडगडाट आला. "बायांनो, बाहेर या! ताजी अंडी, गावरान अंडी, तीस घ्या, पस्तावणार नाही!"

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "याच आवाजाने सकाळी मला लॉजवर उठवलं. फार्मसीच्या दारात हाच आवाज खोकल्याचं औषध विकत होता. चौकात यानेच कुणाच्या तरी मयताची खबर दिली. खाली मी विचारलंसुद्धा, हा कोण? म्हणाले, जुरांदिर, दुसरा कोण! एका दिवसात तीन-तीन कामं करताय आणि आजारपणाचा भत्ता मागताय?"

"रेकॉर्डिंग आहे ते, बाई," इवोनेती म्हणाली. "जुनं आहे."

"सगळे असंच म्हणतात."

जुरांदिर भराभरा लिहायला लागला. अंड्यांचं तीन वर्षांपूर्वीचं, फार्मसीचं गेल्या नाताळातलं, आणि मयताच्या रेकॉर्डिंगमध्ये फक्त नाव दुसऱ्याच्या आवाजात... इथे पेनमधली शाई संपली. त्याने पेन झटकलं, फुंकलं, जिभेवर घासलं. समोर डॉक्टरबाईंनी "नामंजूर" लिहायला सुरुवात केली होती. त्याला डोळ्यांपुढे आपली गाडी दिसली, आणि तिच्या स्टिअरिंगवर बसलेला वांदेइल्सन दिसला.

मग त्याचं भान सुटलं. तो खिडकीकडे धावला, अर्धा बाहेर लोंबकळला आणि उरात होता नव्हता तेवढा जीव लावून ओरडला, "बंद कर ते, वांदेइल्सन!"

निदान त्याचा विचार तरी असं ओरडायचा होता. बाहेर जे पडलं ते पावसाळाभर बंद राहिलेल्या दुकानाचं शटर उघडावं तसं होतं. रस्त्यावरची शेळी दावं तोडून पळाली. वांदेइल्सनने घाबरून ब्रेक दाबला, आणि तीस-तीस अंड्यांच्या सगळ्या थप्प्या एकदम रस्त्यावर आल्या.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून पुसला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "हे आधीच का नाही काढलंत?" लिहिलेलं खोडून त्यांनी "मंजूर" असा शिक्का मारला आणि त्याच्या घशात बॅटरी मारून पाहिली. "साठ दिवस होते ना? आत्ता जे केलंत, त्याचे आता नव्वद धरा."

बारा दिवसांनी पत्र आलं. भत्ता मंजूर आहे; रक्कम सुरू होण्यासाठी लाभार्थ्याने खालील क्रमांकावर फोन करून स्वतःच्या तोंडाने आपलं पूर्ण नाव सांगावं. लाभार्थ्याच्या वतीने अन्य कोणी बोलू नये.

"नव्वद दिवसांत एवढं एक नाव देव माफ करील," इवोनेती म्हणाली. तिने नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडून दमदार, भारदस्त पुरुषी आवाज आला. "नमस्कार. आपलं पूर्ण नाव सांगा."

इवोनेतीचा हात तोंडावर गेला. जुरांदिर खुर्चीवरून उठून उभाच राहिला. रेसिफे, बंद खोली, चांगलं जेवण.

तो फोनवर वाकला आणि घशातून जेवढं निघालं तेवढं नाव त्याने सांगितलं. शटर पुन्हा एकदा उघडलं.

"माफ करा, समजलं नाही," तो आवाज म्हणाला. "कृपया खणखणीत आवाजात बोला."

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा आवाजाने आभार मानले आणि फोन ठेवून दिला.

"किती रे माजोरडा माणूस हा," इवोनेती म्हणाली. "सोमवारी मीच जाते कचेरीत, तुला घेऊन. खिडकीपाशी उभा राहून ओरड फक्त."

जुरांदिरने वही ओढली. आता तो कंपनीला शिव्या देणार असं तिला वाटलं. त्याने बराच वेळ लावून एकच ओळ लिहिली आणि वही तिच्याकडे सरकवली.

"पण आवाज काय होता गं माझा. एकदा परत लाव ना फोन."