एका पायावरचे रामटेके सर

आमचे रामटेके सर मस्टरवर सही करतात ती एका पायावर उभं राहून. दुसऱ्या पायाचा तळवा मांडीला टेकवून, चक्क वृक्षासनात. समोर प्राचार्य असले तरी फरक नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, "हातापायाची सोयरीक जमली पाह्यजे न जी!"

गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर साकोलीजवळ निघालेल्या आमच्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात ही सोयरीक जमवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलंय. पोरं येतात पोलीस भरतीची स्वप्नं घेऊन. धानाचं पोतं हसत उचलतील, पण डोळे मिटून एका पायावर उभं केलं की धपाधप पडतात. "काहून बे, जमीन बोलावून राहिली का तुले?" सर ओरडतात. आधी महिनाभर आसनं आणि श्वास. मग उजव्या हातानं भिंतीवर चेंडू फेकायचा आणि डाव्यानं झेलायचा. खो-खो शिकवतो मी. एकदा सामन्याची वेळ झाली, आणि माझा अख्खा संघ भिंतीपुढे चेंडू झेलत उभा. मी जाम भडकलो होतो.

सिहोऱ्याची एक मुलगी कबड्डीत भल्याभल्यांना लोळवायची, पण तिचा डावा हात नुसता लोंबकळायचा. तीन महिन्यांनी तिनं त्याच हातानं ओळीनं दहा चेंडू झेलले. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि सर ढसाढसा रडले. मी त्या रडण्याची स्टाफरूममध्ये नक्कलही केली. आज त्याची लाज वाटते.

बुद्धपौर्णिमेला सकाळी त्यांनी खीर खायला बोलावलं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला, आमच्या वहिनींना, लकवा मारला हे ठाऊक होतं, म्हणूनच त्यांच्या घरी जायचं मी टाळत आलो होतो. वहिनी खुर्चीत बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर, पदराखाली. पलंगावर आमच्या कॉलेजात असतो तसाच चेंडू.

"तुमचे सर म्हणतात, पोरायले जमते तं तुले बी जमन," वहिनी हसून म्हणाल्या. "मले चेंडू काय कराचा आहे भाऊ? वंदनेले दोन हात जोडता आले पाह्यजे, बस."

सरांनी मेणबत्ती लावली, वहिनींची खुर्ची बुद्धमूर्तीसमोर सरकवली आणि मागून वाकून वहिनींच्या डाव्या तळव्याला आपला उजवा तळवा जोडला. दोघं वंदना म्हणू लागले.

वहिनींनी डोळे मिटले होते. सरांची नजर मात्र मूर्तीकडे गेलीच नाही. शेवटच्या शब्दापर्यंत ती पदराखालच्या त्या हातावर खिळून होती.