काकूंच्या बोटाची खबर

आमच्या शेजारचे वामनकाका कोणतीही वायर खोचली की श्वास रोखतात आणि यंत्राला विचारतात, "ओयखलं का?" उत्तर मिळेपर्यंत घरात कुणी हलायचे नाही. एकदा माझा फोन त्यांनी संगणकाला तीस वेळा जोडला आणि तीस वेळा काढला. मी चहाला गेले होते. चहावर साय धरली.

वर्ध्यात संगणक शिकवून ते निवृत्त झाले. काकूंची फुप्फुसे थकली तेव्हा त्यांनी बोटाला लावायची एक चिमटी आणली. रक्तातला प्राणवायू मोजून ती जुन्या संगणकाला कळवते. आकडा उतरला की भोंगा वाजतो. काकू मात्र कूस बदलताना वायर उपसतात, आणि पुन्हा खोचली तरी चालू संगणक तिची दखल घेत नाही. तो बंद करून सुरू करावा लागतो. त्या चार मिनिटांत काकूंची काहीच खबर नसते. कूलरच्या ओल्या वाळ्याच्या गंधातही काकांना तेव्हा घामाने निथळताना मी पाहिले आहे.

दोष चिमटीत नव्हता. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, कर्नेलमध्ये होता. महिनाभर काकांनी तो गाभा उकलला.

"वायर लागली का हा लगेच विचारते, कोन हायेस? ती बिचारी अजून जागीच होऊन राह्यली. उत्तर नाई आलं का हा समजते, कोनीच नाई. मंग पुन्हा विचारतच नाई! काऊन नाई विचारत?"

जणू तो कर्नेल मीच लिहिला होता.

पलंगावरून काकू म्हणाल्या, "एवढं निरखून तं यायनं लग्नात मले बी नाई पाह्यलं, बाई."

गेल्या मंगळवारी दुपारी काकांनी दुरुस्ती बसवली: जरा थांबायचे, पुन्हा विचारायचे. साक्षीला मला बोलावले. काकूंनी वायर स्वतःच उपसली, काहीशा खोडकरपणे. काकांनी ती खोचली.

पडदा कोरा. कूलरमधले पाणी ठिबकत होते. वाळल्या पानांवरून कुणी जपून चालावे, तसा काकूंचा श्वास.

मग आकडे उमटले, हिरवे, स्थिर.

"लागले!" मी ओरडले आणि वळले. काका पडद्यापाशी नव्हतेच. पलंगाच्या कडेला बसून, काकूंच्या मनगटावर तीन बोटे ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत ते ओठांतल्या ओठांत मोजत होते.

"लागलं ना मशीन," काकू म्हणाल्या. "सोडा आता."

"थांब वं," काका म्हणाले. "माहं मोजनं चुकलं. पुन्हा मोजतो."