दोन किलो सातशे ग्रॅम तूरडाळ

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून गेज पडला. गेज म्हणजे पोलादाचा एक गुळगुळीत दांडा. तो भोकात घालून भोक मापाचं आहे की नाही ते ठरवायचं. आमच्या कारखान्याच्या इन्स्पेक्शन खात्यात त्याला मखमलीच्या पेटीत निजवून ठेवत. मी घाईघाईने तो उचलला, रुमालाने पुसला, पेटीत ठेवला आणि वळून पाहिलं तर मागे खानझोडेसाहेब उभे.

"आवाज ऐकला मी," ते म्हणाले.

मी पुण्याहून भोपाळला नवा आलेला, प्रोबेशनवर. साहेबांना जरा धीर द्यावा म्हणून म्हणालो, "काही होत नाही साहेब त्याला. परवाही पडला होता."

परवा तो पडलाच नव्हता.

साहेब पांढरेफटक झाले. मग त्यांनी रजिस्टर उघडलं आणि परवापासून त्या गेजने तपासलेला सगळा माल परत बोलावला. गेजवर संशय आला की त्याने पास केलेलं, नापास केलेलं, सगळं परत बोलवायचं, हा नियम. ट्रॉल्यांवर ट्रॉल्या उलट्या येऊ लागल्या. ट्रॉली ओढणारे लोक माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, ती नजर मला पुढे वर्षभर कँटीनच्या रांगेत भेटत राहिली. दोन दिवस फेरतपासणी चालली. गेज उत्तम निघाला, मालही उत्तम निघाला.

"साहेब, सगळं बरोबरच होतं की," मी चाचरत म्हणालो.

"होतं ना? झालं तं. आज झोप येईल मले."

खानझोडेसाहेब मूळचे नागपूरचे. चौतीस वर्षं त्यांनी इन्स्पेक्शनमध्ये काढली, निवृत्त होऊनही आता बारा वर्षं झाली. पण खिशातली स्टीलची सहा इंची पट्टी आणि लाल पेन्सिल काही गेली नाही. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या हॉलमध्ये लग्न असलं की ते आधी खुर्ची हलवून बघतात. पसंत पडली नाही तर तिच्या पाठीवर लाल फुली. एका मुलीच्या मामांनी ती फुली रुमालाने पुसून बसकण मारली, आणि अक्षता पडायच्या आत मामा पडले. तेव्हापासून आमच्याकडे लग्नात लोक आधी खुर्चीची पाठ बघतात, मग नवरीकडे.

लिफ्टमध्ये ते एकदम शिरत नाहीत. आधी ती रिकामी वर पाठवायची, परत खाली आली की बसायचं. बाजारात भाजी घेताना आधी म्हणणार, "पहले काँटा खाली दिखाओ, भैया." रिकामा काटा शून्यावर आला नाही तर पुढची भेंडी कितीही कोवळी असो, साहेब पुढच्या गाडीवर. त्यांची दोन वाक्यं टाउनशिपभर प्रसिद्ध आहेत. एक, "कागदावर सगळेच पैलवान." आणि दुसरं, "फेल होईल तेव्हा कळण्यापेक्षा आधी फेल करून पाहा ना जी."

आम्ही सगळे याला शिस्त समजत होतो. हा माणूस भित्रा आहे, मनापासून भित्रा आहे, आणि त्याची भीती बहुतेक वेळा दुसऱ्यासाठी असते, हे माझ्या लक्षात यायला पंचवीस वर्षं लागली. मी इन्स्पेक्शनचाच माणूस, तरीही.

निवृत्तीनंतर त्यांनी साकेत नगरात घर घेतलं. कुसुमकाकूंचे गुडघे दुखत म्हणून एकही पायरी नसलेलं. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही. मागच्या खोलीच्या खिडकीतून मोठं हॉस्पिटल दिसतं. ती खिडकी ते उघडत नाहीत. "धूळ येते," म्हणतात. मीही ते खरं मानलं होतं. संध्याकाळी ते पायी टाउनशिपमध्ये येतात, आमच्या ब्लॉकचे दोन मजले चढून वर येतात, बिनसाखरेचा चहा पितात आणि आमच्या घरातल्या काही ना काही वस्तूवर संशय घेतात. आमच्या मुलीची, सईची तीनचाकी त्यांनी तीनदा नापास केली होती. चौथ्यांदा स्वतःच ब्रेक बसवून आणला.

या सईला पुण्याला आर्किटेक्चरला प्रवेश मिळाला आणि आमच्या घरात लॅपटॉपचा प्रश्न उभा राहिला.

दोन मॉडेल होती. एक हलकं, चार्जरसकट दीड किलो, दिसायला पाटीसारखं. दुसरं जोरदार, चार्जरसकट दोन किलो सातशे. सईला जोरदारच हवं होतं. "बाबा, अख्खी बिल्डिंग मॉडेल करायची असते. सबमिशनच्या आदल्या दिवशी हँग झाला तर? पाच वर्षं तोच चालवायचाय." ही तिची भीती. बायकोची भीती वेगळी. हॉस्टेल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, पाठीवर ते ओझं, वर ड्रॉइंगच्या नळकांड्या. "खांदा उतरेल पोरीचा. आणि घाईत बस पकडताना तोल गेला म्हणजे?" मला दोघींची भीती पटत होती, शिवाय माझी तिसरी होती, ती मी बोलत नव्हतो. पोरगी जाणार होती. त्याबद्दल घरात कुणीच काही बोलत नव्हतं, म्हणून आम्ही तिघं रोज लॅपटॉपबद्दल भांडत होतो.

एका संध्याकाळी मी साहेबांपुढे दोन्हींची माहितीपत्रकं ठेवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली.

"कागदावर सगळेच पैलवान. ट्रायल घेतली का?"

"लॅपटॉपची ट्रायल कशी घेणार, साहेब?"

"आत काय आहे ते सई पाहीन, तिले कळते. वजनाची ट्रायल मी घेतो. वहिनी, सईच्या शाळेच्या जुन्या दोन बॅगा असतीन ना? आणि एकीत दीड किलो साखर द्या, दुसरीत दोन किलो सातशे ग्रॅम तूरडाळ."

"तूरडाळच का?" बायकोने विचारलं.

"तांदूळ सरकते जी."

डाळही सरकते, पण हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. पुढचा आठवडाभर आमची डाळ चाचणीवर होती. आम्ही मुगावर दिवस काढले. बॅगा जिन्याखाली ठेवलेल्या असत. संध्याकाळी सहाला साहेब साकेत नगरहून येत, बॅग पाठीवर घेत आणि जिना चढू लागत. आम्ही आत बसून पावलं मोजायचो. पहिले तीन दिवस साखर. पावलं सावकाश पण सलग वर आली. चौथ्या दिवशी डाळ लागली. पावलं दुसऱ्या वळणावर, विजेच्या मीटरच्या पेटीपाशी थांबली. बराच वेळ थांबली.

"मीटर बघत असतील," मी म्हणालो. "कुठला तरी जोराने फिरतोय असा संशय आला असेल."

बायको माझ्याकडे बघत राहिली. तिथे मीही थांबतो, पण ते फोन बघायला.

पाचव्या, सहाव्या दिवशी तेच. साहेब वर आले की घामाने थबथबलेले असत आणि चहा न पिता आधी वहीत काही लिहीत. सातव्या दिवशी त्यांनी कार्बन घालून तीन प्रतींत लिहिलेला रिपोर्ट माझ्या हातात दिला. 'हलके मॉडेल: पास. जड मॉडेल: दुसऱ्या वळणावर थांबावे लागते. नापास.' खाली सही, आणि जड मॉडेलच्या नावावर लाल फुली.

सईने रिपोर्ट दोनदा वाचला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आजोबा, तुम्ही म्हणताय तर ठीक आहे," म्हणाली आणि आत जाऊन हलकेच दार लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं. साहेबांनी त्या दाराकडे पाहिलं, चहा अर्धा सोडला आणि निघाले. परवा, रविवारी, न्यू मार्केटला जाऊन हलका लॅपटॉप आणायचा असं ठरलं.

शनिवारी संध्याकाळी सहाला पावलं वाजली. बायको डाळीची बॅग सकाळीच वर घेऊन आली होती. म्हणजे साहेब रिकाम्या हाताने चढत होते. पावलं दुसऱ्या वळणावर थांबली. मी घड्याळाकडे पाहिलं. एक मिनिट. दोन मिनिटं.  मी दार उघडायला उठलो तेवढ्यात ती पुन्हा सुरू झाली.

साहेब आत आले ते उभेच राहिले.

"रिपोर्ट परत द्या."

"काय झालं, साहेब?"

"तिन्ही प्रती द्या. माल बरोबर आहे." त्यांनी कठडा धरावा तशी खुर्ची धरली. आज त्यांनी खुर्ची हलवून पाहिली नाही. "टेस्टिंगचं मशीनच खराब आहे."

मला कळायला थोडा वेळ लागला. ते छातीवर हात ठेवून बोलत होते.

"माल फेल आला की आधी काटा रिकामा पाहायचा. शून्यावर येते का नाही. चौतीस वर्षं पोराइले हेच शिकवलं मी. आणि या वेळी पाहिलाच नाही. सही करून टाकली." ते खाली बसले. "पाहिला असता तं कळलं असतं ना. म्हणून नाही पाहिला. भीती वाटली जी."

"मग आज?"

"त्या पोरीनं दार लावलं ना काल. अख्खी रात्र म्हणून राहिलो मनाशी, खानझोडे, गेजवर संशय आहे. माल परत बोलाव." त्यांनी घाम पुसला. "आज रिकामा चढलो. तिथंच थांबलो."

 मी विचारलं, "हे केव्हापासून होतंय?"

"परवापासून."

तो 'परवा' मी ओळखला. पंचवीस वर्षांपूर्वी मीच तो त्यांना दिला होता.  तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून बायको म्हणाली, "होळीपासून, काका. पुरणपोळीला आला होतात तेव्हाही मीटरपाशी थांबला होतात. हातात काहीसुद्धा नव्हतं."

साहेबांनी मान खाली घातली. चोरून पेटीत ठेवलेला गेज सापडल्यावर माझी झाली होती तशी.

"डॉक्टरला दाखवलंत?" मी म्हणालो. "हॉस्पिटल तर तुमच्या भिंतीला लागून आहे."

"तिथं मी कुसुमला घेऊन गेलो होतो," ते म्हणाले. "पायीच गेलो होतो दोघं. येताना मी एकटा आलो." आणि पुढे, "एकट्यानं जायची हिंमत होत नाही बाप्पा. आत गेलो आन् त्यायनं नाव विचारलं, सोबत कोण आहे विचारलं, तं काय सांगू?"

सई केव्हा खोलीतून बाहेर आली होती कुणास ठाऊक. तिने डाळीची बॅग पाठीवर घेतली आणि जिना उतरून गेली. खाली दाराची कडी वाजली. मग पावलं वर येऊ लागली. पहिलं वळण. दुसरं वळण. साहेबांची मान वर झाली, ओठ हलत होते, ते पायऱ्या मोजत होते. पावलं मीटरच्या पेटीपाशी थांबली नाहीत.

"झालं," सई दारात येऊन म्हणाली. धापसुद्धा लागली नव्हती. "लिहा आजोबा, पास."

साहेबांनी लाल पेन्सिल काढली, जुन्या रिपोर्टवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'चाचणी सईने घेतली. जड मॉडेल: पास.'  मग पेन्सिल खिशात ठेवता ठेवता एकदम म्हणाले, "पण बॅगेचे बंद डबल शिलाईचे घ्या जी. बंदावर भरवसा नाही माझा."

"ते घेऊ," सई म्हणाली. "आणि सोमवारी सकाळी आठला मी आणि बाबा तुमच्याकडे येतो. सोबत कोण आहे विचारलं तर नात आहे म्हणून सांगा."

साहेब म्हणाले, "लिफ्ट असन तिथं."

"आधी रिकामी वर पाठवू," सई म्हणाली.

मी त्यांना स्कूटरवरून घरी सोडून आलो. गेलो तेव्हा मागची खिडकी बंदच होती. मीही उघडायला सांगितली नाही. परत आलो, जिना चढलो, दारात चपला काढल्या. बायको डाळ बॅगेतून डब्यात ओतत होती. तिने वर पाहिलं नाही.

"सोमवारी तुमचंही नाव नोंदवा तिथे," ती म्हणाली. "तुम्ही महिनाभर मीटरपाशी थांबताय. आत्ताही थांबलात, आणि फोन तर इथेच टेबलावर आहे."