उंदराचं औषध

सोमाजी रामटेकेसमोर ‘उंदराचं औषध’ म्हणायची सोय नव्हती. खुर्सीपार वस्तीतल्या दुकानात कोणी बिचारा ते मागायला आला आणि हा तिथे उभा असला, की संपलंच. सोमाजी वळून अगदी काळजीनं विचारायचा, “कोन बिमार हाय? उंदीर? कवापासून ताप हाय त्याले?”

गिऱ्हाईक गोंधळायचं. “तसं नाही हो. मारायचं औषध.”

“मारते ते औषध नाही होत, भाऊ. जहर म्हना. म्हना ना, जीभ जळून नाही राहिली.”

तो माणूस ‘जहर’ म्हणेपर्यंत सोमाजी दुकानदाराला पुडी बांधू द्यायचा नाही. एकदा ढेकणांपायी माझ्यावरही ही पाळी आली. मागे चार बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. घरी आल्यावर मी तो राग बायकोवर काढला.

भिलाईत तेव्हा पोलादाचा कारखाना उभा राहत होता. सोमाजी भंडाऱ्याकडचा, बांधकामावर पेंटर. ‘खतरा’च्या पाट्या सगळ्या त्याच्या हातच्या. कवटी अशी काढायचा की रशियन साहेबसुद्धा दोन पावलं मागे सरकायचे. पण काम करून घेणाऱ्याच्या नाकी नऊ आणायचा. टाकीवर ‘पिण्याचे पाणी’ लिहायला पाठवलं, तर हा आधी ते पाणी लोटाभर प्यायला, मग तासभर झाडाखाली बसून राहिला, आणि पोटात काही होत नाही अशी खात्री झाल्यावर त्यानं ब्रश उचलला. फोरमननं कपाळाला हात लावला.

मी ड्रॉइंग ऑफिसातला बाबू. नागपुरात शिकलेला, त्यामुळे मराठी आपल्यालाच येतं असा माझा समज होता. शब्दांवरून माझ्याशी वाद घालणारा पेंटर मला अर्थातच डोक्यात जायचा.

आमच्या सेक्टरमागे एक जुनं तळं होतं. बाभळींवर बगळ्यांची घरटी, काठाला टिटव्यांची अंडी. आजूबाजूची शेतं गेली, धान्याची गोदामं आली आणि उंदीर माजले. ते झाडावर चढून अंडी फोडत, पिल्लं ओढून नेत. बगळ्याचं पिल्लू तोंडात धरून निघालेला उंदीर मी स्वतः पाहिला, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आमचे कुलकर्णी साहेब गळ्यात दुर्बीण घालून हिंडणारे इंजिनियर. त्यांनी पाखरं वाचवायला समिती काढली आणि मला सेक्रेटरी केलं.

काठ दलदलीचा आणि काट्यांचा, माणूस आत जाणं कठीण. तेव्हा शेतांवर फवारणी करणारं छोटं विमान बोलवायचं आणि विष लावलेला दाणा वरून टाकायचा, असं ठरलं. विमान म्हटल्यावर मी तर भारावूनच गेलो.

पाट्यांसाठी सोमाजीला बैठकीला बोलावलं होतं. तो दाराशीच उभा राहिला.

“दाना पाखरू बी खाते, साहेब. हा उंदराचा हाय, हे त्याले कोन सांगन?”

साहेब भले माणूस. शांतपणे म्हणाले, “दाण्याला गडद रंग देतात, पाखरं सहसा शिवत नाहीत. एखाददुसरं मरेलही, सोमाजी. पण काहीच केलं नाही तर पुढं या तळ्यावर एकही पिल्लू वाचणार नाही. मग?”

हे खोटं नव्हतं. सोमाजीनं मान हलवली. “मंग टाका. पन पाटीवर जहर लिहा.”

मजकूर मी आधीच तयार ठेवला होता. ‘पाखरांच्या रक्षणासाठी रविवारी सकाळी तळ्यावर विमानातून औषध टाकण्यात येईल. जनतेने सहकार्य करावे.’ खाली हिंदीत तेच, ‘दवाई’ घालून. ‘विष’ लिहिलं तर लोक घाबरतील, उगाच बोभाटा होईल, असं माझं शहाणं मत. सोमाजीनं कागद वाचला, घडी घातली आणि माझ्या खिशात परत ठेवला.

“मी नाही लिहीत, बाबू.”

मी दुसरा पेंटर गाठला. चार ओळींसाठी किती तो ताठा, असं म्हणत तळ्याच्या वाटेवर तीन पाट्या लावूनही टाकल्या.

रविवारी सकाळी साहेबांबरोबर तळ्यावर पोचलो.

अर्धं खुर्सीपार काठावर जमलं होतं. बाया लोटे, गंज, परातींसकट आल्या होत्या. कोणी पदर पसरून उभी, कोणाच्या कडेवर खोकणारं पोर. एका म्हाताऱ्याला खाटेसकट उचलून आणलं होतं आणि त्याचं तोंड आभाळाकडे करून ठेवलं होतं. जनतेने पुरेपूर सहकार्य केलं होतं.

त्या गर्दीत सोमाजी वेड्यासारखा धावत होता. लाल रंगानं भरलेलं फडकं हवेत फिरवत ओरडत होता, “जहर हाय! जहर! जा घरी!” हातातले लोटे हिसकून फेकत होता. लोक त्याला ढकलत होते, शिव्या देत होते. एका म्हातारीनं त्याची कॉलरच धरली. “चिरई मन बर दवई, अउ हमर लइका मन बर नइ?”

पाखरांना औषध, आणि आमच्या लेकरांना नाही? तिच्या जागी मी असतो तर मीही हेच विचारलं असतं.

विमान आलं. पराती वर झाल्या. आयुष्यात इतका मी कधी घाबरलो नाही. पायलटला गर्दी दिसली असावी. त्यानं एक घिरटी घातली आणि आला तसा निघून गेला. लोक हळहळले, आम्हाला शिव्या घालत पांगले.

सोमाजी चिखलात बसला होता. शर्ट फाटलेला, ओठातून रक्त येत होतं. मी शेजारी बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, “तुला कसं कळलं, असं होईल?”

“माह्या बायकोले ताप होता, बाबू,” तो म्हणाला.

सोमाजीचं लग्न झालं होतं हेच मला माहीत नव्हतं.

“इथं नवीन होतो आमी. मी ड्यूटीवर निघालो, तिले सांगतलं, औषध फळीवर हाय, घेऊन घेजो. फळीवर दोन पुड्या होत्या. एक दवाखान्यातली, एक उंदराची. दोन्हीले मीच औषध म्हनत होतो.”

तळ्यावर एक बगळा परत येऊन बाभळीवर उतरला. सोमाजी तिकडे पाहत होता.

“तुमी कावून नाही लिहिलं जहर?” त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“लोक घाबरतील म्हणून,” मी म्हणालो.

“घाबरली असती त वाचली असती,” सोमाजी म्हणाला.