अंबादास सर चार्ज घेतात

पेट्रोल पंपाचं तोंड या जन्मात बघणार नाही, अशी घोषणा अंबादास सरांनी तुळजापुरात इतक्या वेळा केली होती, की पंपवाल्यालाही ती पाठ झाली होती! त्यामुळं एकुलत्या एक लेकीच्या, भैरवीच्या साखरपुड्याला सगळी मंडळी जीपनं पुढं गेली, तरी सर आणि अनसूयाबाई जावयाची अंगठी घेऊन नव्या इलेक्ट्रिक गाडीतून निघाले. मुलाकडचं गाव लोहाऱ्याच्या पुढं. मुहूर्त बाराचा.

रात्रभर लाइट नव्हती, गाडी अर्धीच चार्ज झालेली.

"अहो, पोचंल का?"

"लोहाऱ्यात चार्जिंग स्टेशन आहे! मोबाइल दाखवतोय."

मोबाइलला काय, दाखवायला पैसे पडतात? सरांनी ऐटीत एसी लावला आणि लोहाऱ्यात शिरता शिरता गाडीनं मान टाकली. मोबाइलवरचा बाण एका सरकारी कचेरीत घुसत होता. आवारात यंत्र खरंच उभं होतं. पण त्याच्या पेटीला हे एवढं कुलूप!

सर धापा टाकत पायऱ्या चढले. दारात गोरोबा शिपाई.

"चार्ज घ्यायचाय! लवकर!"

गोरोबाचा चेहरा खुलला. "आलात का साहेब! जुन्या साहेबांची बदली झाल्यापासून आमी तुमचीच वाट बघायलोय!"

सर तोंड उघडेपर्यंत गळ्यात हार, हातात नारळ आणि पुढ्यात चहा! व्हरांड्यात ताटकळलेली माणसं आत घुसली. "साहेब, आमच्या पाणंदीचं बघा!" "साहेब, आधी माझं!"

"अहो, मला गाडीसाठी चार्ज पाहिजे!" सर ओरडले.

"गाडीचा बी घ्या की! हापिसची जीप तुमच्याच ताब्यात यायची हाय."

"मी मास्तर आहे हो, मास्तर! मला वीज पाहिजे, वीज!"

गोरोबानं आधी हार काढून घेतला, मग नारळ, आणि मग अर्धा प्यालेला चहासुद्धा!

"निदान त्या कुलपाची किल्ली तरी द्या."

"कपाटात हाय."

"मग कपाट उघडा!"

"त्याची किल्ली चार्ज घेणाऱ्या साहेबालाच देता येती."

एवढ्यात गाडीत थांबलेल्या अनसूयाबाई आल्या. "ती अंगठी द्या इकडं!" म्हणत त्यांनी सरांच्या खिशातली डबी काढली आणि समोरून जाणारी काळी-पिवळी जीप थांबवली. "तुम्ही बसा चार्ज घेत!"

बारा वाजून गेल्यावर खरेखुरे नवे साहेब एसटीनं आले. तोच हार त्यांना घातला गेला. कपाट उघडलं, पेटी उघडली. आत गांधीलमाशांचं पोळं!

"आणि वायर?" सरांनी विचारलं.

"लाइन अजून वढायची हाय," गोरोबा म्हणाला.

सर मटकन पायरीवर बसले. लेकीचा साखरपुडा आणि बाप इथं गांधीलमाशा बघतोय! त्यांना रडूच यायला लागलं. तेवढ्यात अनसूयाबाईंचा फोन आला.

"झाला साखरपुडा. अंगठी माझ्या भावानं घातली."

"व्याही लई चिडलेत का गं?"

"छे! पाहुणे कुठंयत म्हणाले. मी सांगितलं, लोहाऱ्याच्या कचेरीत चार्ज घ्यायलेत."

"बरं, मग?"

"मग काय, मास्तरांचे साहेब झाले समजून तुम्हाला आणायला मोटारसायकल निघालीय! व्याह्यांचं बांधाचं भांडण लई दिवस अडकलंय. आल्या आल्या तेवढं मिटवा म्हणायलेत."

"अगं, मग खरं सांग की त्यांना!"

"तुम्हीच सांगा आल्यावर. साहेबांची बायको म्हणून मला आत्ताच पहिल्या पंगतीला बसवलंय!"