वाढत्या हाताचे पिस्तूल

पत्नीची सोय ही संसारातली सर्वांत गंभीर बाब आहे, आणि म्हणूनच ती पत्नीवर सोपवता येत नाही. पडदे, मिक्सर, दाताचा डॉक्टर, प्रवासी बॅग, यांपैकी काहीही पत्नीने एकटीने निवडले तर ते तिला आवडण्याची शक्यता असते. पण ते तिच्या सोयीचे असेलच असे नाही. सोय ठरवायला अनुभव लागतो, आणि तो बहुधा नवऱ्याकडे असतो. (आमच्याकडे शुक्रवारच्या जेवणाला जमणाऱ्या अकरा नवऱ्यांची मी यासंबंधी पाहणी केली. दहा जणांनी सहमती दर्शवली. अकरावा म्हणाला, बायकोला विचारून सांगतो. त्याचे मत बाद धरण्यात आले.)

मी दोहात एका गॅस कंपनीच्या खरेदी विभागात सोळा वर्षे काम करतो. या काळात मी चार हजारांवर व्हॉल्व्ह निवडले. त्यांपैकी एकही व्हॉल्व्ह आजवर "मला टोचतंय" असे म्हणालेला नाही. हे सांगण्यात बढाई नाही; पुढचा भाग नीट कळावा म्हणून पात्रता नमूद केली इतकेच.

माझी पत्नी नीता. लग्नाआधी नाशिकला कॉलेजात भूगोल शिकवायची. आता दोहाजवळ उम्म सलाल मोहम्मद या गावी एका व्हिलाच्या आमच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या भागात घर सांभाळते. मार्च महिन्यात एके दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "अहो, इथून वीस मिनिटांवर नेमबाजीचा क्लब आहे. बायकांची नवी बॅच घेतायत. मी जाऊ?"

मी चकित झालो. एकोणीस वर्षांच्या संसारात तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट, जी घरात ठेवायची नव्हती.

इथे गैरसमज नको. पिस्तूल घरी आणायचे नसते, ते क्लबच्या तिजोरीतच राहते. हवेच्या दाबावर चालणारे, एका हाताने धरायचे, दहा मीटरवरच्या कागदावर मारायचे. ते खेळणे नव्हे, पण त्याने कोणाचे वाईटही होत नाही. पद्धत साधी होती: चार मंगळवार. पहिल्या दिवशी टेबलावर मांडलेल्या पिस्तुलांतून आपापले सोयीचे निवडायचे. चौथ्या दिवशी त्याच पिस्तुलाने दहा गोळ्या मारायच्या, आणि दहाही कागदावर लागल्या तर वर्षभरासाठी जागा पक्की. जागा चौदा. प्रतीक्षा यादीत बावीस बायका. नीताने ही माहिती मला तीन वेळा सांगितली, आणि तिसऱ्या वेळी तिचा चेहरा नाशिकच्या जुन्या फोटोतल्यासारखा दिसला. तिला ही जागा फार हवी होती. ते मला दिसले आणि मी त्याच क्षणी मदत करायचे ठरवले.

सर्वप्रथम मी तिला ना हरकत प्रमाणपत्र दिले. क्लबने ते मागितले नव्हते. परंतु आखातात इतकी वर्षे काढल्यावर प्रमाणपत्राशिवाय एखादी गोष्ट सुरू झाली की माणसाला चुकल्याचुकल्यासारखे होते. मग तिचा अर्ज भरला. (ती स्वतः भरणार होती, पण तिचे अक्षर मोठे आहे आणि रकाने लहान.) त्यानंतर निवड समिती नेमण्यात आली. अध्यक्ष मी. सुरक्षा सदस्य कैवल्य, हा पुण्याचा, माझ्याच कंपनीत सेफ्टी ऑफिसर, जिन्याने उतरतानासुद्धा दुसऱ्याला कठडा धरायला लावतो. तज्ज्ञ सदस्य निवृत्ती, आमच्या कंपनीच्या बसचा चालक, मूळचा पारनेरचा. तो एकटाच इथे राहतो, म्हणून शुक्रवारी जेवायला येतो. तरुणपणी तो होमगार्डात होता, त्यामुळे समितीत बंदूक हातात धरलेला तो एकमेव माणूस. साहजिकच त्याला मताधिकार देण्यात आला नाही.

नीता समितीत नव्हती. जिच्यासाठी खरेदी आहे तिनेच निर्णय घेणे हे नियमात बसत नाही.

पहिल्या बैठकीत 'सोय' या संकल्पनेची शंभर गुणांत विभागणी करण्यात आली. वजन वीस, टिकाऊपणा वीस, उत्पादक देशाची प्रतिष्ठा पंधरा, सुरक्षितता पंचवीस (कैवल्यने चाळीस मागितले होते), पुढेमागे सुटे भाग मिळण्याची शक्यता अठरा, वापरणाऱ्याचे मत दोन. बेरीज बरोबर शंभर आली तेव्हा आम्हा तिघांनाही समाधान वाटले. निवृत्ती तेवढा म्हणाला, "साहेब, आधी वैनींच्या हातात देऊन तर बघा. त्यात काय एवढं!" त्याच्या या सूचनेची नोंद घेण्यात आली.

पहिल्या मंगळवारी टेबलावर सात पिस्तुले होती. नवऱ्यांसाठी काचेपलीकडे खुर्च्या ठेवल्या होत्या. मी परवानगी काढून आत गेलो आणि सातही स्वतः धरून पाहिली. त्यांच्या लाकडी मुठी लहान, मध्यम, मोठ्या अशा तीन मापांत येतात. मी मोठी निवडली. आमच्याकडे कुठलीही वस्तू वाढत्या अंगाची घेण्याचा रिवाज आहे. शाळेचा गणवेश, चपला, स्वेटर, सगळे एक माप वरचे. म्हणजे दोन वर्षे पाहायला नको. नीता त्रेचाळीस वर्षांची आहे, तिचा हात आता वाढणार नाही, हे मला ठाऊक होते. पण तत्त्व ते तत्त्व.

"अहो, मला एक सांगायचंय," नीता म्हणाली.

मी तो मुद्दा आयत्या वेळच्या विषयांत घेतला. (ज्यांना सभांची सवय नाही त्यांच्यासाठी: आयत्या वेळचे विषय हा कार्यक्रमपत्रिकेवरचा शेवटचा विषय असतो. तिथवर पोचेपर्यंत सर्वांची जेवायची वेळ झालेली असते.)

दुसऱ्या मंगळवारी तिच्या दहा गोळ्यांपैकी तीन कागदावर लागल्या. एक शेजारच्या बाईच्या कागदावर लागली. तिसऱ्या मंगळवारी कागदावर चार, शेजारी दोन. म्हणजे प्रगती दोन्हीकडे होती. "हातात बसतच नाही हो ते. मनगट भरून येतं," नीता म्हणाली. अहवालात 'वापरकर्तीस सरावाची आवश्यकता' अशी नोंद झाली आणि उपाययोजनाही करण्यात आली: पिस्तुलाचे वजन साधारण किलोभर, तेव्हा तूरडाळीचे एक किलोचे पाकीट उजव्या हातात धरून हात सरळ ठेवायचा, रोज वीस मिनिटे. कैवल्यने खाली उशी ठेवायला सांगितली. डाळ सांडू नये म्हणून.

आमची मुलगी अंतरा अकरावीत आहे. तिला मराठी सगळे कळते, उत्तर मात्र इंग्रजीत येते. आईला भिंतीसमोर डाळ धरून उभी पाहून ती थबकली. "बाबा, व्हाय इज शी यूझिंग दॅट हँड?"

"मोठ्यांच्या कामात बोलू नये," मी म्हणालो. नीताने पाकीट आणखी सरळ धरले. तिची नजर पाकिटावरच्या अक्षरांवर होती. आता आठवले की मला ते दृश्य आवडत नाही.

चौथा मंगळवार उजाडला. निवृत्तीला सुट्टी होती, म्हणून गाडी त्याने चालवली. वाटेत नीता खिडकीबाहेर बघत म्हणाली, "नाही जमलं तर नाही. बावीसजणी थांबल्यायत, कुणाला तरी मिळेल." हे तिने इतक्या समंजसपणे म्हटले की मला गुणतक्त्यात कुठेतरी चूक राहिली असावी अशी प्रथमच शंका आली. मी टिकाऊपणाचे गुण मनातल्या मनात पुन्हा मोजले. ते बरोबर होते.

क्लबची मुख्य प्रशिक्षक रुकैया ही हैदराबादची; ती फक्त चौथ्या मंगळवारी येई. बोलणे कमी, बघणे जास्त. तिने नीताला मुठीची पकड घेताना पाहिले, थांबवले, पिस्तूल खाली ठेवायला लावले, आणि बाकी काही न सांगता हातातला चाव्यांचा जुडगा तिच्याकडे फेकला. नीताने तो झेलला.

डाव्या हाताने.

रुकैया टेबलाशी गेली आणि फाइल उघडून म्हणाली, "मॅडम, ये फॉर्म कौन भरे?"

अर्जात आठव्या क्रमांकावर विचारले होते: नेमबाजाचा हात कोणता? समोर माझ्या सुवाच्य, लहान अक्षरात लिहिले होते: उजवा. त्या मुठी एकेका हातासाठी घडवलेल्या असतात, उजव्याची डाव्याला चालत नाही, हे रुकैयाने मला तेव्हा सांगितले. आणि अर्जात 'उजवा' असल्यामुळे मांडलेली सातही पिस्तुले उजव्या हाताची होती. त्या आठव्या प्रश्नाला मला फार तर दोन सेकंद लागले होते. हात म्हणजे उजवाच. त्यात विचारायचे काय?

"लहानपणी शाळेत बाई पट्टी मारायच्या, म्हणून लिहिते उजव्यानं," नीता खाली बघत म्हणाली. "जेवणखाण, वाढणं, देवाचं, तेही उजव्यानं. बाकी सगळं डाव्यानंच करते ना मी."

"वैनी कांदा पण डाव्यानंच चिरत्यात," काचेपलीकडून निवृत्ती म्हणाला. "मला वाटलं, साहेबांना ठाव असंल!"

मी तिच्या हातचा कांदा एकोणीस वर्षे खातो आहे. मला खरोखर वाईट वाटले. अहवालात लिहिण्याजोगे नव्हे, साधे.

चूक अर्जातली, म्हणून पिस्तूल बदलायची मुभा मिळाली; रुकैयाने तिजोरीतून डाव्या हाताचे, लहान मुठीचे पिस्तूल काढले. "यल्ला, मॅडम." (यल्ला म्हणजे अरबीत 'चला'.) नीताने ते उचलले आणि क्षणभर तशीच उभी राहिली. कोणी तिचा हात हातात घ्यावा तशी ती मूठ तिच्या पंजात बसली होती. दहा गोळ्या मारायला तिला अकरा मिनिटे लागली. कागद सरकत जवळ आला तेव्हा रुकैयाने मोजले, मग मी मोजले, मग सवयीने पुन्हा मोजले. दहा. दहाही तिच्याच कागदावर. नीता हसली आणि मी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यांनी टाळ्या वाजवू नयेत अशी पाटी तिथे होती, हे नंतर कळले.

परतताना मी तिला विचारले, "पहिल्याच दिवशी ठणकावून का नाही सांगितलंस?"

"सांगणार होते. पण तुम्ही तो तक्ता केला होता, कैवल्यभाऊजींना बोलावलं होतं... इतक्या हौसेनं चाललं होतं तुमचं." "म्हटलं, जमवू उजव्यानं."

समिती त्याच दिवशी विसर्जित करण्यात आली. पण माझा अनुभव वाया जाऊ नये म्हणून वाचकांना एक विनंती. माझ्यावर हसून झाले असेल तर सांगा, तुमच्या घरातल्या माणसाचा हात कोणता? उत्तर लगेच आले ना? मलाही लगेच आले होते. खात्री करायची असेल तर हाक मारून विचारा. फक्त उत्तर आपण आधीच पक्के ठरवून टाकले आहे, अशा आवाजात विचारू नका. कारण मग पलीकडचे माणूस तुमच्या चेहऱ्याकडे एकदा बघेल, तुम्हाला काय ऐकायचे आहे ते ओळखेल आणि तेच सांगेल. तुमचे समाधान होईल, आणि तुम्ही पान उलटाल.